सवाई माधवरावांचा शिकारखाना आणि आजची बंदी

पुण्याहून पौड मागे टाकून मुळशीच्या धरणाकडे निघाले की माले गाव लागते. या पट्ट्यात गेल्या काही दशकांत शहरवासीयांची शेतघरे उभी राहिली आहेत. शहरात परदेशी पशुपक्षी पाळण्याची जी हौस वाढीस लागली आहे, ती अशा शेतघरांपर्यंत पोहोचणेही स्वाभाविक होय. दक्षिण अमेरिकेतील मकाव व इग्वाना, आफ्रिकेतील करडा पोपट ही नावे आता मध्यमवर्गीय घरांतूनही ऐकू येतात. शेजाऱ्यास या प्राण्यांची भीती वाटते, किळस वाटते, आणि मग गावच्या ठरावाने अथवा गृहसंस्थेच्या नियमाने हे सारे एकदम बंद करावे, अशी मागणी पुढे येते. ही मागणी वरवर पाहता निरुपद्रवी भासते. परंतु ती अन्यायाची आहे, आणि ज्या प्राण्यांच्या नावाने ती केली जाते त्यांच्याही हिताची नाही, असे आमचे मत आहे. या प्रश्नाचा विचार करताना पुण्याच्याच इतिहासातील एका अल्पायुषी पुरुषाचे चरित्र आठवणे उपयुक्त ठरेल. ते चरित्र सवाई माधवराव पेशव्यांचे.

नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरच्या किल्ल्यावर सुरक्षित नेले आणि तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. पिता जन्मापूर्वीच गेलेला. माताही १७७७ साली निवर्तली. पेशवेपदावर हक्क सांगणारा चुलत आजा रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेलेला. अशा स्थितीत बारभाईंनी, आणि त्यांतही नाना फडणविसांनी, हे मूल डोळ्यांत तेल घालून जपले. पुरंदरचा तह, वडगावची लढाई, १७८२ चा सालबाईचा तह या साऱ्या घडामोडींच्या केंद्रस्थानी हा बालक होता. मात्र त्यांपैकी एकीतही त्याच्या इच्छेचा प्रश्न उद्भवला नाही.

१७८३ च्या फेब्रुवारीत त्याचे लग्न झाले. त्या समारंभासाठी नानांनी घालून दिलेली बारीकसारीक व्यवस्था प्रसिद्धच आहे. कोणी कोठे बसावे, कोणाचा मान कसा राखावा, येथपासून सर्व काही ठरलेले. नानांच्या शिस्तीमुळे राज्य टिकले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्या शिस्तीच्या आत वाढणाऱ्या मुलास स्वतःचे म्हणावे असे फारच थोडे उरले होते.

त्या थोड्यांत एक गोष्ट होती, ती म्हणजे त्याचा प्राण्यांचा नाद. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यात वाघ होते, सिंह होता आणि गेंडाही होता. सिंह व गेंडा हे पुण्याच्या आसपासच्या रानांतले प्राणी नव्हेत. गेंडा उत्तर व पूर्व हिंदुस्थानच्या पाणथळ गवताळ प्रदेशातला. त्या काळच्या पुणेकरास तो आजच्या मकावाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक परका होता. पुण्याबाहेरच्या रमण्यात माणसाळविलेले काळवीट होते. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. त्याने या काळविटांची हकीकत नोंदवून ठेवली आहे. वाद्यांचे सूर ऐकून हे जात्याच भित्रे प्राणी माणसांच्या घोळक्यात निर्भयपणे येत आणि झोपाळ्यावरही झुलत. दोरखंड आणि चाबूक यांनी असे काम होत नाही. त्यामागे महिनोन्‌महिने खपणारा, प्राण्याचा स्वभाव ओळखणारा जाणकार सेवक असावा लागतो.

या शिकारखान्याचा एक लाभ असा झाला, की जो कोणी योजिला नव्हता. गंगाराम तांबट नावाच्या पुण्यातील कारागिराने १७९० च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या गेंड्याचे चित्र काढले. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला आणि त्याच्या सहवासात गंगारामची कला वाढली. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली रेखाटने अभ्यासक आजही पाहतात. त्याचे गेंड्याचे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुण्याच्या एका तांबटाला गेंडा समोर उभा राहून न्याहाळता आला, तो एका तरुण पेशव्याने हौसेने तो पाळला होता म्हणून.

दरबारी हौस म्हणजे भूतदया, असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. त्या काळी शिकार होत असे, हत्तींच्या झुंजीही लावल्या जात. कळपापासून, पाण्यापासून दूर आणलेल्या त्या गेंड्याचे आयुष्य सुखाचे होते, असे कोणी म्हणणार नाही. पेशव्याने केले म्हणून आपणही करावे, असा आमचा युक्तिवाद नाही. हौस आणि जाणकारी यांची सांगड घातली तर काय साधते, आणि नुसत्या पहाऱ्याने काय साधत नाही, हे या चरित्रातून दिसते, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

स्थानिक अंमलाचे दुसरे रूपही याच कारकिर्दीत पुण्याने पाहिले. घाशीराम कोतवालाच्या हाती शहराचा बंदोबस्त होता. रात्री कोणी फिरावे, कोणास अडवावे, हे त्याच्या मर्जीवर चाले. १७९१ साली त्याच्या कैदेत कोंडलेले कित्येक ब्राह्मण गुदमरून मरण पावले, तेव्हा शहर खवळले आणि कोतवालाचा अंत लोकांच्या दगडांनी झाला. बंदोबस्त आवश्यक असतो. परंतु त्यास लिहिलेली मर्यादा नसली आणि वर दाद मागण्याची सोय नसली, तर तो कोणत्या थरास जातो, याचा हा दाखला पुणेकरांनी विसरू नये.

१७९२ साली महादजी शिंदे पुण्यास आले आणि तरुण पेशव्याच्या आयुष्यात थोडा मोकळा वारा आला. महादजींच्या संगतीत त्याने शिकारी केल्या, मैदानी खेळ पाहिले. हे सुख दोन वर्षेही टिकले नाही. १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस महादजी वारले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यास निजामावर विजय मिळाला आणि त्याच वर्षी चुलता बाजीराव याच्याशी चाललेला पेशव्याचा गुप्त पत्रव्यवहार नानांच्या हाती लागला. पहारा अधिकच कडक झाला. ऑक्टोबरात, तापाने अंगात त्राण नसताना, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबर १७९५ रोजी त्यांचा अंत झाला. तो अपघात की आत्मघात, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. वय अवघे एकवीस. ज्याला सर्व संकटांपासून जपावयाचे म्हणून एवढा पहारा बसविला, तो त्या पहाऱ्याने वाचला नाही.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. हे क्षेत्र कायद्यावाचून मोकळे पडले आहे, अशी समजूत चुकीची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा साधा हिरवा पोपट पाळण्यासही मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराखालील परदेशी जाती २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या कक्षेत आल्या. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २०२४ साली नोंदणीचे नियम निघाले. अशा जातींचा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करावी, जन्म, मृत्यू व हस्तांतर कळवावे, अशी ही व्यवस्था आहे. ती परिपूर्ण नाही. अनुसूचीबाहेरच्या जाती तिच्यातून निसटतात. त्यावर उपाय म्हणजे अनुसूची वाढविणे आणि वनखात्यास तपासणीसाठी माणसे देणे.

याउलट गावोगावी निराळी बंदी आली तर काय होईल? ज्याच्या घरी आधीपासून प्राणी आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा राहतील. एक, तो लपविणे. लपविलेल्या प्राण्याची नोंद होत नाही आणि आजारी पडल्यास त्यास पशुवैद्याकडे नेण्यासही मालक कचरतो. दुसरी वाट त्याहून वाईट: रात्रीच्या वेळी जवळच्या पाण्यात अथवा रानात तो सोडून देणे. लाल कानाचे अमेरिकी कासव असेच टाकले गेल्यामुळे भारतातील कित्येक तळ्यांत पोहोचले आहे आणि देशी कासवांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगत आहे. माल्यासारख्या गावाला लागून तर मुळशीचा विस्तीर्ण जलाशय आणि पलीकडे ताम्हिणीचे जंगल आहे. प्राणी टाकून देण्याचा मोह निर्माण करणारा ठराव तेथे कोणी करावा, यासारखी विसंगती नाही.

शेजाऱ्याच्या तक्रारीस जागा नाही, असे मात्र नव्हे. दुर्गंधी, गोंगाट, धोका यांची दखल घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस व नगरपालिकेस असलाच पाहिजे. मग तो त्रास मकावाचा असो वा कुत्र्याचा. चोरट्या आयातीस तर विमानतळावर व बंदरावरच पायबंद घातला पाहिजे. परंतु त्रास सिद्ध न होता केवळ प्राणी परका आहे म्हणून तो काढून टाका, असा हुकूम स्थानिक संस्थेने काढू नये. त्याऐवजी पंचायतींनी आपल्या हद्दीतील मालकांना नोंदणीची माहिती द्यावी, ती करून घेण्यास मदत करावी, आणि ज्यास प्राणी सांभाळणे जमत नाही त्याच्याकडून तो विनादंड स्वीकारण्याची सोय वनखात्याने जिल्ह्यात करावी. पुणे जिल्ह्यापासून याचा आरंभ करण्यास कोणतीच अडचण दिसत नाही.