सिंहासनाविना राजे: शहाजीराजे भोसले

बंगळुरू शहर १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी वसविले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, आदिलशाही सेनापती रणदुल्लाखान याने ते जिंकून घेतले आणि तेथील कारभार शहाजीराजे भोसले यांच्याकडे आला. मराठी राजसत्तेचा उदय रायगडावरील राज्याभिषेकाशी जोडला जातो. मात्र त्याची पूर्वपीठिका शहाजीराजांच्या चरित्रात आढळते.

सतराव्या शतकातील दख्खनमध्ये मराठा सरदारांकडे फौज, जहागीर आणि गड असत. राजपद मात्र सुलतानांकडे असे. वेरूळच्या मालोजीराजे भोसले यांचे पुत्र असलेल्या शहाजीराजांनी निजामशाहीच्या सेवेत नाव कमावले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यांनी पराक्रम गाजविला. परंतु १६२९ मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारातच हत्या झाली. सरदार कितीही मोठा असला, तरी त्याचे जीवित सुलतानाच्या मर्जीवर अवलंबून होते.

१६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका अल्पवयीन मुलास गादीवर बसविले आणि सुमारे तीन वर्षे राज्य चालविले. फौज आणि कारभार त्यांचा, नाव मात्र निजामशहाचे, अशी ही व्यवस्था होती. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा एकत्र आल्यावर माहुली गडावर त्यांना शरणागती पत्करावी लागली. आदिलशाहीत दाखल झालेल्या शहाजीराजांची रवानगी महाराष्ट्रापासून दूर, कर्नाटकात करण्यात आली.

बंगळुरू येथे त्यांच्या दरबारास राजदरबाराचे रूप आले. अनेक भाषांतील कवी आणि पंडित तेथे आश्रयास होते. त्यांपैकी जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात या दरबाराचे वर्णन आढळते. जिजाबाई आणि बालशिवाजी यांचेही काही काळ येथे वास्तव्य होते. त्यानंतर शिवाजीराजांना कारभाऱ्यांसह पुणे जहागिरीकडे धाडण्यात आले.

हे वैभव किती अस्थिर होते, हे १६४८ मध्ये दिसून आले. जिंजीनजीकच्या छावणीत आदिलशाही सेनापती मुस्तफाखान याने शहाजीराजांना कैद केले. १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली. परंतु त्यासाठी शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागला. पुत्राच्या स्वतंत्र हालचालींची किंमत पित्यास, तर पित्याच्या चाकरीची किंमत पुत्रास मोजावी लागत होती.

जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरे परिसरात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने राज्य करण्याची गरज उरली नाही. गड, फौज आणि राजपद एकाच ठिकाणी आले. धाकटे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर येथे स्थापन केलेले मराठा राज्य एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले.

बंगळुरू १६८७ मध्ये मराठ्यांच्या हातून गेले आणि पुढे म्हैसूरच्या वोडेयारांकडे आले. शहाजीराजांची समाधी कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे येथे आहे. स्वतः सिंहासनावर न बसलेल्या या सरदाराचे दोन पुत्र दोन राज्यांचे संस्थापक ठरले.