तेवीस क्रूसांतील एक वसईकर



संत गोन्सालो गार्सिया यांची तसबीर आपल्या घराघरांत आहे. आज त्यांच्या एका वेगळ्या चित्राविषयी लिहितो. त्यात ते आहेत, पण ओळखू येत नाहीत.

लोरेन प्रांतातील नान्सी येथे झाक कालो (१५९२-१६३५) हा चित्रकार होऊन गेला. तांब्याच्या पत्र्यावर रोगण लावायचे, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, आम्लाने त्या कोरून घ्यायच्या आणि शाई भरून कागदावर छापायच्या, ही त्याची कला. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी नागासाकीच्या रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित केले. त्याच सुमारास कालोने त्यांचे चित्र कोरले. छोट्या प्रार्थनापुस्तकाच्या पानाएवढ्या जागेत २३ क्रूस! सहा फ्रान्सिस्कन आणि त्यांचे सतरा जपानी सहकारी. त्यांच्याबरोबर क्रूसावर गेलेले तीन येशूसंघीय धरले, तर रक्तसाक्षी एकूण २६.

गोन्सालो यांचा जन्म वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातील येशूसंघीयांकडे शिक्षण झाले आणि ऐन कोवळ्या वयात ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा शिकले, धर्मशिक्षक झाले. येशूसंघात प्रवेश मात्र मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जमही बसला. पण देवाची हाक काही थांबेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. धर्मगुरू ते कधीच नव्हते.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते सत्ताधीश हिदेयोशीपुढे उभे राहिले. पुढे क्योटोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. १५९६ च्या अखेरीस सर्वांना अटक झाली. डाव्या कानाची पाळी कापून, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर बांधून त्यांना भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

दुभाष्याचे काम कसे असते? शब्द दुसऱ्याचे, आवाज आपला. काम चोख झाले की लोक दुभाष्याला विसरतात. गोन्सालो आयुष्यभर असे दुसऱ्यांच्या मागे उभे राहिले. क्रूस मात्र त्यांच्या वाट्याला स्वतःचाच आला. तिथे कोणी कोणाच्या वतीने उत्तर देऊ शकत नाही.

आपल्या धर्मग्रामातही नकार पचवून, नाव न होता सेवा करणारी माणसे आहेत. ६ फेब्रुवारीला या रक्तसाक्ष्यांच्या स्मरणदिनी मिस्सेला याल, तेव्हा त्यांच्यापैकी एकासाठी तरी नाव घेऊन प्रार्थना करा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू