सुतळीची वनश्री

आम्ही समाचे लोक फतेगंजमार्गे विद्यापीठाकडे जाताना फाइन आर्ट्सवरून कितीदा तरी जातो. मृणालिनी मुखर्जी १९६५ साली तिथेच शिकायला आल्या. जन्म मुंबईचा, १९४९चा. आईवडील, लीला आणि विनोदबिहारी, दोघेही कलावंत. बालपण डेहराडून आणि शांतिनिकेतनच्या झाडाझुडपांत गेलेलं. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकताना सुतळी हाती आली, ती पुढे वीसेक वर्षं सुटली नाही.

माग नाही, आधी काढलेलं चित्र नाही. रंगवलेल्या सुतळीला गाठीवर गाठ मारत जायचं. एकेका कामाला महिनोन्‌महिने लागत. त्यातून माणसाहून उंच आकार उभे राहत. कुठे पाकळी, कुठे नागाचा फणा, कुठे ‘वनश्री’सारखी रानातली देवी. याला शिल्प म्हणायचं की हस्तकला, हा वाद मात्र सतत मागे लागला. (बाईने मारलेल्या गाठीला कला म्हणायला आपल्याकडे वेळच लागतो!) नंतर त्या माती आणि ब्राँझकडे वळल्या.

जानेवारी २०१५मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं. ते चालू असतानाच, २ फेब्रुवारीला, त्या गेल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानेही ही सुतळीची शिल्पं मांडली.