वडिलांना नेलेल्या आजारानेच लेकीला गाठलं : फ्लॅनरी ओ'कॉनर आणि लुपस

अमेरिकन कथेतलं मोठं नाव म्हणजे फ्लॅनरी ओ'कॉनर. 1925 साली जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात त्यांचा जन्म झाला. त्या 15 वर्षांच्या असताना वडील लुपसने गेले.

पुढे आयोवात लेखनाचं शिक्षण झालं आणि पहिली कादंबरी लिहायला घेतली. 1950 च्या डिसेंबरात घरी येताना आगगाडीतच त्या आजारी पडल्या. निदान झालं लुपसचं, पण आईने ते लपवलं. आपल्याला संधिवात आहे, असंच त्या समजत होत्या. 1952 मध्ये एका मैत्रिणीने खरं सांगितलं.

आता लुपसमध्ये नेमकं होतं काय? जंतूंशी लढायला शरीर अँटीबॉडी बनवतं. लुपसमध्ये यातल्या काही आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उलटतात. यांना ऑटोअँटीबॉडी म्हणतात. 1948 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या आणि निदानाला पहिला ठोस आधार मिळाला. केंद्रक गिळण्यामागे ऑटोअँटीबॉडीच होत्या, हे नंतर उलगडलं.

आज डॉक्टर आधी एएनए ही रक्ततपासणी करतात. लुपसच्या जवळपास सगळ्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते, पण काही निरोगी माणसांतही येते. म्हणून नुसत्या एएनएवरून लुपस ठरत नाही. डीएनएविरुद्धची अँटीबॉडी मात्र जास्त नेमकी असते. अनेक रुग्णांत आजार उसळतो तेव्हा तिचं प्रमाण वाढतं. ती डीएनएसोबत मूत्रपिंडात साचली की तिथे सूज येते. म्हणूनच डॉक्टर लघवीतल्या प्रथिनांवरही लक्ष ठेवतात.

ओ'कॉनर यांच्या हाती होती एसीटीएचची इंजेक्शनं. त्यांनी जीव वाचला, हाडं मात्र कमजोर झाली आणि कुबड्या आल्या. आईसोबत मिलेजव्हिलच्या शेतावर राहून त्यांनी मोर पाळले आणि रोज सकाळी काही तास नेमाने लिहिलं. दोन कादंबऱ्या आणि तीसहून जास्त कथा त्यांच्या नावावर आहेत.

1964 च्या सुरुवातीला गर्भाशयातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि दबलेला लुपस पुन्हा उसळला. मूत्रपिंडं निकामी झाली. 3 ऑगस्टला त्या गेल्या, तेव्हा वय होतं अवघं 39. कथासंग्रहाला 1972 मध्ये मिळालेला नॅशनल बुक अवॉर्ड त्यांना पाहता आला नाही.

आज लुपसचे बहुतेक रुग्ण योग्य उपचारांनी अनेक वर्षं जगतात. त्यासाठी मूत्रपिंडावरचा हल्ला वेळेत ओळखावा लागतो आणि रुग्णाला त्याचा आजार खरा सांगावा लागतो.