पृथ्वीराज कपूर

'मुगल-ए-आझम' या चित्रपटातील बादशहा अकबर तुम्हांला आठवत असेल. भारदस्त शरीर, करारी मुद्रा आणि धीरगंभीर आवाज! ही भूमिका करणारे थोर कलावंत म्हणजे पृथ्वीराज कपूर. चित्रपटांनी त्यांना कीर्ती दिली, पण त्यांचे खरे प्रेम होते नाटकावर.

पृथ्वीराजांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०६ रोजी पंजाबातील समुंद्री या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. पेशावरच्या एडवर्ड्स कॉलेजात शिकताना त्यांना नाटकाची गोडी लागली. पुढे ते मुंबईला आले. १९३१ साली निघालेल्या 'आलम आरा' या भारतातील पहिल्या बोलपटात त्यांनी काम केले. चित्रपटांत नाव आणि पैसा मिळू लागला, तरी त्यांचे मन रंगभूमीकडेच ओढ घेत होते.

१९४४ साली त्यांनी 'पृथ्वी थिएटर' ही नाटक कंपनी काढली. चित्रपटांत मिळवलेला पैसा ते नाटकांवर खर्च करत. ही कंपनी गावोगाव फिरे. मोठ्या शहरांत तर तिचे प्रयोग होतच, पण लहान गावांतील लोकांनाही ती नाटके पाहायला मिळत. नाटकांची भाषा सर्वांना समजेल अशी साधी हिंदुस्थानी असे.

त्या काळी देशात फाळणीचे वारे वाहत होते. माणसे एकमेकांपासून दुरावत होती. अशा वेळी पृथ्वीराजांनी 'दीवार' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात दोन भावांच्या घरात भिंत उभी राहते आणि शेवटी ती पाडली जाते. १९४७ साली 'पठाण' हे नाटक आले. त्यातील पठाण आपल्या हिंदू मित्राच्या मुलाला वाचवण्यासाठी स्वतःच्या मुलाचा बळी देतो. रंगमंचावरची भिंत पडली, पण देशाची फाळणी टळली नाही. तरीही पृथ्वीराजांनी एकीचा संदेश देणे सोडले नाही.

नाटक संपले की हा नामवंत नट दारापाशी झोळी पसरून, मान खाली घालून उभा राही. प्रेक्षक जाता जाता झोळीत पैसे टाकत. ते पैसे गरजू आणि संकटात सापडलेल्या लोकांसाठी असत. त्यात पृथ्वीराजांना कधी कमीपणा वाटला नाही.

सोळा वर्षांत कंपनीने अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. पण खर्च वाढत गेला आणि पृथ्वीराजांचा आवाजही बिघडला. ज्या आवाजाने नाट्यगृह भरून जाई, तोच साथ देईना. अखेर १९६० साली कंपनी बंद करावी लागली. २९ मे १९७२ रोजी पृथ्वीराजांचे निधन झाले. त्यानंतर त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला.

पृथ्वीराजांच्या कंपनीला स्वतःचे नाट्यगृह कधीच नव्हते. त्यांचे धाकटे पुत्र शशी कपूर आणि सून जेनिफर यांनी ही उणीव भरून काढली. १९७८ साली त्यांनी मुंबईत जुहू येथे 'पृथ्वी थिएटर' उभारले. तेथे आजही नाटके होतात. वडिलांच्या नाट्यप्रेमाचे याहून चांगले स्मारक दुसरे कोणते असणार?