श्राव्यातीत ध्वनीचे शिल्पकार : पॉल लांजव्हँ

तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच. हे दोन धातू वितळवून जोडल्यास सांध्यात ठिसूळ संयुगे तयार होतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांमध्ये मात्र ते श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने, न वितळवता जोडता येतात. या यंत्राच्या गाभ्याशी असलेली रचना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांच्या प्रतिभेची देणगी होय.

२३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या लांजव्हँ यांना पिअर क्युरी यांच्यासारखे गुरू लाभले. क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे पिअर आणि त्यांचे बंधू जाक यांनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. उलटपक्षी, वीज दिली की स्फटिक कंप पावतो. अनेक वर्षे हा शोध प्रयोगशाळेपुरताच राहिला.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला. १९१५ पासून लांजव्हँ यांनी पाण्याखालील श्राव्यातीत ध्वनीचा ध्यास घेतला. क्वार्ट्झच्या पातळ चकत्या पोलादाच्या दोन जाड तबकड्यांमध्ये बसवून त्यांनी गुरूंचा शोध कामाला लावला. १९१८ मध्ये पाणबुडीवरून परतलेला प्रतिध्वनी टिपण्यात यश आले. ते तंत्र प्रत्यक्ष लढाईत उतरण्याआधीच युद्ध संपले. पण ‘सोनार’चा पाया घातला गेला होता.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. फॅसिझमचे कट्टर विरोधक असलेल्या लांजव्हँ यांना जर्मनांनी ऑक्टोबर १९४० मध्ये अटक केली. तुरुंगवासानंतर त्रॉय येथे नजरकैद नशिबी आली. १९४२ मध्ये जावई जाक सोलोमन यांना गोळ्या घालण्यात आल्या. कन्या एलेन यांची रवानगी ऑश्वित्झला झाली. १९४४ मध्ये लांजव्हँ स्वित्झर्लंडला निसटले. एलेनही त्या छळछावणीतून जिवंत परतल्या. १९ डिसेंबर १९४६ रोजी लांजव्हँ यांचे निधन झाले. १९४८ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानपूर्वक हलवण्यात आले.

पुढे क्वार्ट्झची जागा विशिष्ट सिरॅमिकने घेतली. धातूंच्या दोन ठोकळ्यांमध्ये कंप पावणारा थर बसवण्याची कल्पना मात्र कायम राहिली. हे कंपन दाबून धरलेल्या पत्र्यांना सेकंदाला सुमारे २० हजार वेळा एकमेकांवर घासते. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर फुटतो आणि उघडे पडलेले धातू परस्परांना घट्ट बिलगतात. पाणबुडीचा माग काढण्यासाठी घडवलेली रचना अशी दोन परक्या धातूंना जोडण्याच्या कामी आली.