मार्कोनींनी जहाजं जोडली, मग त्यांच्यातच भिंत का घातली?

वाय-फायवर कॉल सुरू असताना तुम्ही घराबाहेर पडता आणि फोन गुपचूप मोबाइल नेटवर्कवर जातो. परदेशात उतरलात की तो तिथल्या दुसऱ्याच कंपनीचा टॉवर पकडतो. यामागे तंत्रज्ञान तर आहेच, पण कंपन्यांनी एकमेकांची यंत्रं ओळखायची, हा समझोताही आहे. तो सहजासहजी झाला नाही. आणि त्याला सुरुवातीला अडवलं कुणी? खुद्द वायरलेसचे जनक मानले जाणारे गुल्येल्मो मार्कोनी यांच्या कंपनीनं!

मार्कोनींचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्यात झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयर्लंडची. १८९५ मध्ये त्यांनी घराजवळच्या टेकडीपलीकडे बिनतारी सिग्नल पाठवला. तो पोहोचल्याची खूण होती बंदुकीचा बार. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि १८९७ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली.

त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं जहाज. जमिनीवर तारा टाकता येतात, पण चालत्या जहाजाला तार कशी जोडणार? १९०२ मध्ये मार्कोनी स्वतः ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर यंत्र घेऊन अटलांटिकवर निघाले. जहाज दूर जाताना सिग्नल कुठवर मिळतो हे त्यांनी नोंदवलं. रात्री तो दिवसापेक्षा खूप लांब पोहोचतो, हेही तेव्हाच लक्षात आलं.

पण कंपनीचा एक नियम होता. जहाजांना यंत्र भाड्यानं मिळायचं, सोबत ऑपरेटरही कंपनीचाच. आणि संकटाची वेळ सोडली, तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही.

१९०२ मध्येच जर्मन राजपुत्र हाइनरिश अमेरिकेहून ‘डॉइचलँड’ जहाजानं परतत होते. जहाजावर जर्मन यंत्र होतं, त्यामुळे मार्कोनी स्टेशनांनी दाद दिली नाही. जर्मनी संतापला. १९०३ मध्ये बर्लिनला परिषद झाली, पण ब्रिटन आणि इटलीनं सही केली नाही. अखेर १९०६ च्या करारात ठरलं की किनाऱ्यावरच्या स्टेशनांनी जहाजांचे संदेश घ्यायचे, यंत्र कुणाचंही असो. जहाजा-जहाजांमधला प्रश्न मात्र लटकलेलाच राहिला.

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडालं. मार्कोनी ऑपरेटरांच्या संदेशामुळे ‘कार्पेथिया’ धावून आलं आणि सुमारे ७०० जण वाचले. मार्कोनींचं जगभर कौतुक झालं. पण भर समुद्रात कोण कुणाचं ऐकतं, यावर जीव अवलंबून असतो, हेही जगाला कळलं. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या करारानं जहाजा-जहाजांमधला संवादही यंत्र न बघता बंधनकारक केला. भिंत पडली.

मार्कोनींना १९०९ मध्येच फर्डिनांड ब्राउन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ब्रिटनमधली रेडिओ स्टेशनं दोन मिनिटं शांत राहिली.

लहरींना कंपनी कळत नाही. ती माणसांनी ठरवलेली असते, आणि म्हणूनच ती भिंत माणसांनाच पाडावी लागली.